आत्याला विचारा

माझ्या आतेभावाइतका अस्थिर माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि त्याला शोधायला गेलात तर तोही सापडणार नाही. बसला की पाय हलतो, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजतात, आणि जेवायला घातलं तर भातावर आमटी पडेपर्यंत हा खिडकीत जाऊन येतो. भाड्याच्या घराचा करार संपायची तर तो सणासारखी वाट बघतो. कोलशेत झालं, मानपाडा झालं, डोंबिवली झाली, मग पुन्हा कोलशेत, पण इमारत वेगळी. त्याच्या लग्नाचा विषय आम्ही केव्हाच सोडला, कारण मुलीकडच्यांना घर बघायला न्यायचं कुठे, हेच आदल्या दिवसापर्यंत ठरत नसे. बोललं की म्हणायचा, "ताई, माणसाला नाव असलं की बास. पत्ता कशाला हवा?"

हे खूळ त्याच्या नोकरीतून आलं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो नेमकं काय करतो, हे मला टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत कळलं, कारण तिथे त्याला पळता येत नव्हतं. "पूर्वी एकच मोठा प्रोग्राम असायचा," तो म्हणाला. "आता त्याचे तुकडे केलेत. एक ऑर्डर घेतो, एक बिल करतो, एक मेसेज पाठवतो. प्रत्येक आपापल्या डब्यात, त्याला कंटेनर म्हणतात. वर एक मुकादम असतो, तोही प्रोग्रामच. तो सगळ्यांना सारखा विचारतो, आहेस का? उत्तर नाही आलं की तो डबा फेकायचा आणि तस्साच दुसरा दुसऱ्या मशीनवर उभा करायचा." मी म्हटलं, "मग बाकीच्यांना तो नवा डबा सापडतो कसा?" "रजिस्ट्रीला विचारायचं. कोण आत्ता कुठे आहे ते तिला माहीत असतं. पत्ता पाठ करायचाच नाही." रांग जरा पुढे सरकली. "आपल्या घरात आई नाही का?" तो म्हणाला.

हे मात्र खरं होतं. कल्याणच्या जुन्या बिल्डिंगमधल्या दोन खोल्यांत बसून आत्या सगळ्या खानदानाचा ठावठिकाणा सांभाळायची. कोणाची बदली झाली, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा नंबर बदलला, सगळं तोंडपाठ. कोणीही हरवलं की आम्ही म्हणायचो, आत्याला विचारा. आणि सगळ्यात जास्त विचारणा अर्थातच तिच्या स्वतःच्या पोराची व्हायची.

त्या पोराने ऑफिसचे नियम घरी आणून आम्हाला जेरीस आणलं. एक बंद पडला तर दुसरा हवा, म्हणून गणपतीला मोदक दोन ठिकाणी सांगितले. दोन्ही ठिकाणचे वेळेवर आले आणि आम्ही गौरी जाईपर्यंत मोदकच खात होतो. दिवसाकाठी कोणालाही त्याचा फोन यायचा, "आहेस ना? बरं," आणि कट. एकदा आमच्या काकांनी उचलला नाही. बिचारे आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले, तर दारात वॉचमन, शेजारी आणि कोणीतरी वाटेत धरून आणलेला प्लंबर. काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो म्हणाला, "चालेल. फोन उचलतायत ना, मग झालं."

दिवाळीत मी त्याच्यासाठी फराळाचा डबा घेऊन निघाले. आत्याला विचारलं, तिने कोलशेतची इमारत सांगितली. दार एका अनोळखी बाईने उघडलं. "ते गेले हो इथून, केव्हाच." मला वाटलं, नेहमीचंच. मग आत्याने सांगितलेल्या पत्त्यावर धाडलेली एका भाचीची लग्नपत्रिकाही तशीच परत आली, आणि मी त्याला फोन केला. "आईला मी रोज दुपारी विचारतो ताई," तो म्हणाला. "आहेस ना? ती म्हणते, आहे. सगळं ओके आहे."

"अरे, ती आहेच," मी म्हटलं. "पण ती सांगते ते जुनं आहे."

फोनवर किल्ल्या वाजत होत्या, त्या थांबल्या. "फ्रेशरला पण कळतं गं हे," तो म्हणाला. "आहे का, एवढंच विचारत बसलो. बरोबर सांगते का, ते बघितलंच नाही मी."

डॉक्टरांनी सांगितलं, विसर वाढत जाईल. त्याने आत्याकडून नवा पत्ता घोकून घेतला. ती शहाण्या मुलीसारखी म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत मागे जायची. कोलशेतवरून डोंबिवली, आणि एके दिवशी त्याहून मागे. "कुठे जाणार तो? आत बसलाय. अभ्यास करतोय, बारावी आहे ना." हळूहळू लोकांनी तिला विचारणं सोडलं. कोणीतरी व्हॉट्सॅपवर ग्रुप काढला, त्यात सगळे पत्ते आले, सोय झाली. आत्या फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. मला ते बघवत नसे.

एका रविवारी आतेभाऊ टेम्पो घेऊन कल्याणला आला. खुर्ची, लॅपटॉप, दोन-दोन छत्र्या, सगळं आतल्या खोलीत लावलं. "अरे, रजिस्ट्री चुकली तर रजिस्ट्री दुरुस्त करायची ना?" मी म्हटलं. "हो," तो म्हणाला. "नाही झाली दुरुस्त तर ती सांगते तिथे जाऊन राहायचं. ऑफिसात बोलू नकोस कोणाला, हसतील."

आता त्याचा नंबर माझ्याकडे असूनही मी आत्यालाच फोन करते, बाकीच्यांनाही तसंच बजावलंय. काकासुद्धा करतात. "आत्या, कुठे आहे गं तो?" मी विचारते. "कुठे जाणार?" ती जरा वैतागून म्हणते. "आत आहे, अभ्यास करतोय. झाला की सांगते त्याला." मागे टेबलाला लागणारा त्याचा पाय ऐकू येत असतो. त्याला तिथे बसणं किती जड जात असेल ते मला कळतं, आणि माझा जीव दोघांसाठी तुटतो. उद्या आत्या त्या बारावीच्याही मागे जाईल, तेव्हा तो काय करणार ते मी विचारलेलं नाही. आज तिने सांगितलं ते बरोबर होतं.