पान चुरडून पाहणारी उषाबाई

आज पोथीत मन लागलं नाही. मिटून ठेवली आणि ही वही काढली. रागावणं पाप असेल तर ते माझ्या नावावर लागू दे, पण उषाबाईचं लिहिल्याशिवाय आज जेवण जाणार नाही.

उषाबाई दिघोरीची. एसटीने लाखांदूरला आली की आमच्या ओसरीवर टेकल्याशिवाय परत जात नाही. वीस वर्षं आमच्या देवाला नव्या तांदळाची खीर होते ती तिच्याच चिन्नोरची. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा बारीक धान. शिजला की भिंतीपलीकडून शेजारीण विचारते, "कोण पाहुणे आले वं?"

या धानात दुसरं बी मिसळलं की वास मरतो. म्हणून उषाबाई बांधीबांधीतून, म्हणजे धानाच्या खाचराखाचरातून, वाकून चालते, पान चुरडते, हुंगते. वास नसला की रोप उपटून बाहेर. मजुरीच्या बाया हसतात, "काहून हुंगत फिरता, उषाबाई? बुढा हरवला का धानात?"

"बुढ्याचा वास दुरूनच येते वं, त्याले वाकून हुंगा नाही लागत!"

गेल्या साली भैय्यालाल शेठ, आमच्या गावचा धानाचा व्यापारी, तिला म्हणाला, "औंदा चिन्नोर बाहेरदेशी पाठवतो, जास्त लावा." तिने सगळ्या शेतात चिन्नोर धरला. अर्धी रोवणी झाली आणि बातमी आली, पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद. का, तर शहरात तांदूळ महागला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! रोवलेलं रोप काय परत बियाणं होतं? बासमती मात्र जातच राहिला. तो मोठ्या घरचा. आमचा चिन्नोर 'बाकीच्या' तांदळात.

धान निघाला तेव्हा शेठने हात वर केले. उषाबाईच्या नवऱ्याने, श्रावणने, सगळी पोती ट्रॅक्टरवर टाकून इथल्या सरकारी खरेदी केंद्रावर आणली. मीही गेले होते. तिथल्या बाबूने ओलावा मोजला, विचारलं, "साधा की अ दर्जा?"

"वास घ्या ना साहेब," उषाबाई म्हणाली.

"बाई, वासाचा रकाना नाही आमच्याकडे."

पोतं सोडलं आणि ठोकळ, म्हणजे जाड्याभरड्या, धानाच्या ढिगावर ओतलं. ठोकळ धान वाईट नव्हे, गरिबाचं पोट त्यावर चालतं. पण साऱ्या आवारात चिन्नोरचा वास सुटला आणि हमालसुद्धा क्षणभर थांबले. बाबू तेवढा थांबला नाही.

शेवटचं पोतं उचलायला हमाल आला, तर उषाबाई त्यावर जाऊन बसली. ते बियाणं होतं, तिच्या सासूपासून चालत आलेलं.

"उठ," श्रावण ओरडला. "कायले ठेवतेस? पुढच्या साली ठोकळच लावाचा हाय."

"मले तोला मंग पोत्यासंगं. लिवा, अ दर्जा."

हमाल हसले. श्रावणने मान फिरवली. ट्रॅक्टर रिकामा झाला तरी ती उठली नाही. मग आम्ही दोघींनी ते पोतं ओढत आमच्या घरी आणलं. "ताई, देवापाशी ठेवा. माह्या घरी राहिलं तर हे विकतील." ठेवलं. त्या साली खीर ठोकळ तांदळाची केली आणि देवाची माफी मागितली. उषाबाईची माफी कोणी मागितली?

यंदा आषाढात तिने बियाणं नेलं. श्रावणने एकच बांधी दिली, बाकी सगळा ठोकळ. रोवणी झाली, गणपती गेले, आणि ऐन पितृपक्षात बातमी, बंदी उठली! वा रे शहाणे!

आज मी दिघोरीला गेले तर शेठची मोटारसायकल बांधावर उभी.

"उषाबाई, आता सारा चिन्नोर मलेच द्याचा. कितीक हाय?"

तिने एक पान तोडलं, चुरडलं आणि सरळ त्याच्या नाकाखाली धरलं. "हुंगा. एवढाच हाय."

"अवो, पण आता भाव येऊन राहिला!"

"बंदी लावली तवा रोप चिखलात होता. उठवली तवाही चिखलातच हाय. आषाढ कवा येते हे ज्याले समजत नाही, त्यानं धानाले हात नाही लावा. अन् शेठ, तुमाले तं समजत होता ना?"

शेठने मोटारसायकलला किक मारली. गेला.

ती पुन्हा वाकून हुंगायला लागली. खाली पाहतच म्हणाली, "ताई, औंदाही खीर नाही होणार. या बांधीचा दाणा न् दाणा बियाण्याले."

घरी आले. देवघराच्या कोपऱ्यातला पितळी हंडा उचलून परसात नेऊन ठेवला. रिकाम्या कोपऱ्यात बियाण्याचं पोतं बसेल.