जावेच्या पासावर अकोल्याले

माहे भासरे, म्हंजे मालकाचे मोठे भाऊ, बडनेऱ्याले रेल्वेत ग्यांगमन होते. उन्हातान्हात हातोडा घेऊन रुळाच्या बाजूनं चालायचं, ढिल्ली झालेली खीळ ठोकायची, गाडी आली का बाजूले सरकायचं. पन त्या चालन्याच्या बदल्यात रेल्वे त्यायले वर्साले काही पास द्यायची. त्या पासावर ते अन त्यायची बायको कुठीबी फुकट जाऊ शकत होते. भासरे म्हनत, "वर्सभर पायी फिरतो, तवा दोन दिवस बसाले भेटते."

मंग अकोल्याहून माह्या भावाचा निरोप आला. माय बिमार हाये, पोटात पानी झालं, पाहाची असन तर लवकर या. माहे मालक अमरावतीले जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, कामाले, आमी राहातबी तिथंच. कापसाचा हंगाम होता, सुट्टी मांगतली का नाव कापत. तिकिटाले घरात काई नव्हतं. अन मी एकटी कदी गाडीत बसली नव्हती.

मोठ्या जावेनंच तोड काढली. म्हने, "माह्या पासावर जाय. अंगानं तू अन मी सारख्याच. तुह्या भासऱ्याले दोन दिवसाची सुट्टी हाये, ते नेऊन घालतीन."

मी म्हटलं, "बाई, पकडलं तर?"

"कोन पकडते? तिथी का फोटो लावला हाये माहा?"

पन मले मालूम होतं. त्याच साली बाजूच्या ग्यांगमधल्या एका मानसानं बायकोच्या पासावर तिच्या बहिनीले नेलं होतं. तो आता घरी बसला होता. त्याचं क्वाटर खाली करून घेतलं, लेकरं उघड्यावर आली. हे मले मालूम होतं, तरी मी हो म्हटलं. मायचं होतं ना.

सकायी बडनेऱ्याहून निंघालो. जावेनं आपलं लुगडं मले नेसवलं. म्हने, "आजच्या दिवस माहा नवरा तुले उसना देतो. जसा देतो तसा वापस आनजो." अन हासली. मी हासली नाही. भासरे दारात पाठ करून उभे होते, त्यायच्या कानावर गेलं तर, म्हनून मले लाज वाटली.

आमी दीक्षा घेतली त्याले दोन-तीन वर्सं झाली होती. घरातले देव गेले होते. पन भासऱ्यापुढचा पदर गेला नव्हता. लग्नाले सात वर्सं झाली होती, भासऱ्यायनं माहं तोंड पाह्यलं नव्हतं. ते बाजेवर बसले असले तर मी त्या बाजूनं जात नव्हती. त्यायले मले काई सांगाचं असलं तर ते भिताडाले सांगत. म्हनत, "कोनी पानी देईन तर बरं होईन." मंग मी लोटा ठेवून सरकून जाओ.

गाडीत बी तसंच झालं. भासरे बाकड्यावर बसले. मी दरवाज्याजवय खाली बसली, त्यायच्याकडं पाठ करून, पदर हनवटीपरेंत वढून. जावेनं सारं शिकवलं होतं, नाव कोनतं सांगाचं, गाव कोनतं सांगाचं. बसाचं कसं, हे तिलेबी सुचलं नाही अन मलेबी. बायको नवऱ्याच्या बाजूले बसते, एवढी साधी गोष्ट.

भासरे खिडकीले म्हनले, "कोनाले तहान लागली असन तर फिरकीच्या तांब्यात पानी हाये."

तवाच काया कोटवाला चेकर डब्यात आला. तो कदीचा आमच्यामांगं उभा होता कोन जाने. पास हातात घेऊन त्यानं वाचला.

"सोता अन बायको. बायको कुठी हाये?"

भासऱ्यायनं हनवटीनं मले दाखवलं.

"एवढ्या लांब?"

"तिले वारा पाह्यजे, साहेब."

चेकर मले म्हने, "बाई, इकडं या. यायच्यापाशी बसा. जागा हाये."

माह्यानं उठवनं झालं नाही. समोर एक म्हातारी भाजीचं टोपलं घेऊन बसली होती. ती म्हने, "अवं जाय ना वं, भेतं काहून? नवराच हाये ना तुहा, का भासरा हाये?"

सारा डबा हासला. चेकरबी हासला. अन मंग त्याचं हासू बंद झालं.

तो आमच्याच भागातला होता. परका असता तर त्याले काईच समजलं नसतं. त्यानं पास घडी केला, कोटाच्या खिशात टाकला अन माह्यापुढं येऊन उभा राह्यला.

"बाई, पदर वर घ्या. यायच्या तोंडाकडं पाहा अन सांगा, हे तुमचे कोन."

मले एकच शब्द बोलाचा होता. नौकरी त्याच शब्दावर होती, जावेचं घर त्याच शब्दावर होतं. मी पदराले हात लावला. हात तिथंच राह्यला.

भासरे उभे राह्यले. म्हनले, "साहेब, तिले नोका इचारू. माह्या भावाची बायको हाये."

मूर्तिजापूरले आमाले उतरवलं. त्यायले आत नेलं, मी फलाटावर बसली. लय वेळानं भासरे भाईर आले. हातात माह्या नावाचं अकोल्याचं तिकीट होतं, त्यायच्या खिशातलं. ते त्यायनं बाकड्यावर ठेवलं अन खांबाले म्हनले, "अकोला आलं का लोकं उतरतात. इचारत जा." ते मांगंच राह्यले. आतमंदी अजून कागद लिहून राह्यले होते.

माय जिती होती. तिनं इचारलं, "कोनासंग आली?" मी म्हटलं, "भासऱ्यासंग." तिसऱ्या दिवशी ती गेली.

मंग महिनाभर काईच आलं नाही. भासरे रोज कामावर जात. मुकादम त्यायच्याशी बोलत नव्हता. जाऊ म्हने, "इसरले असतीन." पन तिनं भांडे घासून पोत्यात भराले सुरू केलं होतं, ते मी बडनेऱ्याले गेली तवा पाह्यलं. कागद आला तवा तो कोनी वाचून दाखवाची गरज पडली नाही.

क्वाटर सोडून ते अमरावतीले आमच्या एका खोलीत राहाले आले. जावेनं पोतं खाली ठेवलं.

"माय भेटली ना तुले?"

"भेटली."

"बोलली?"

"बोलली."

तिनं मान हालवली, पोत्याची गाठ सोडली अन आपला तवा काहाडून माह्या चुलीवर ठेवला. त्या रातीपासून सैंपाक तिनं केला. माह्याशी ती त्याच्यानंतर पावसाया सरेपरेंत बोलली नाही, अन मीबी तिले बोल म्हनून म्हटलं नाही.