तळमजल्यावरच्या मावशी

"चला, आता जिन्यात कोलंबीचा वास तरी येणार नाही," माझ्या मागच्या खुर्चीवरून कुणीतरी पुटपुटलं. खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मावशींची शोकसभा चालू होती. फोटोला हार घालून झाला होता.

घर सोडून आलेल्या बाईला रात्र काढायला या भागात कुठेच जागा नव्हती, तेव्हा मावशींनी तळमजल्यावरचं आपलं घर उघडलं. त्या गव्हाणच्या कोळी. आलेल्या बाईला काही विचारायच्या नाहीत, पुढ्यात कोलंबीची पाटी सरकवायच्या. "आधी हात चालव. तोंड मंग आपोआप चालंल." आणि चालायचं. अर्धी पाटी सोलेपर्यंत बाई सगळं सांगून मोकळी व्हायची. एकदा एक कट्टर शाकाहारी बाई आली. मावशी निमूट बाजारात जाऊन तिच्यासाठी मटार घेऊन आल्या.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेल, जिच्या दारावरून लोक जरा भरभर जातात. मी मात्र कॉलेजातून येताना तिथे थांबायचे. सोलायचे, बोलायचे नाही.

"इंग्लिश शाळेनं जीब ठेवून घेतली काय गो तुजी?" मावशी विचारायच्या. मी नुसती हसायचे.

एका संध्याकाळी एकीचा नवरा येऊन दारावर लाथा मारू लागला. मावशींनी दार उघडलं, पाटी घेऊन उंबऱ्यातच बसल्या आणि सोलत राहिल्या. "हाय ती इथं. मी मेल्यावर ने."

तो गेला. परवा पुन्हा गेटवर दिसला. म्हातारी खरंच गेली का, असं वॉचमनला विचारत होता.

त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन अजून खालीच आहे. आठवडाभर मी सापडेल त्या संस्थेला फोन केले. जागा कुठेच नाही.

भाषणं संपल्यावर सेक्रेटरीकाका कामाचं बोलले. घर आता मावशींच्या भाच्याचं. त्याची हरकत नाही, पण रात्री राहणारं कुणी जबाबदार माणूस हवं, नाहीतर उद्या कुलूप. कोण राहणार? आत्ताच मावशींना देवी म्हणालेले सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले.

खिडकीतून तळमजल्याचं दार दिसत होतं. ती पोराला खांद्यावर घेऊन आतच उभी होती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती.

मी उठले. आईने ओढणी धरली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले,

"काका, मी राहते खाली. आज रात्रीपासून."