देवरावभाऊंच्या सीड्यांची व्यवस्था

किस्से कोणी ठरवून जमा करत नाही. कापूस खरेदीच्या जागी दिवसभर बसलं की घरी जाताना कपड्यांवर कापूस असतोच, तसं आमचं. हिंगणीला देवरावभाऊंच्या ओसरीवर आम्ही चौघं जमायचो. कापसाचा व्यापार करणारे खुद्द भाऊ, शाळेतले सुधाकर मास्तर, सेलूला कॉम्प्युटर क्लास चालवणारा गजू आणि मी किराणा दुकानवाला. उठताना एखादा किस्सा अंगाला चिकटलेलाच!

दोन हजारनंतरची ती वर्षं. भाऊंना पिक्चरच्या सीड्यांचं भयंकर वेड. भाव काढायला वर्ध्याला गेले की येताना पिशवीत सीड्या. ज्वारीच्या कोठीत सीड्या, देव्हाऱ्यामागे सीड्या, पाहुण्याच्या उशीखाली सीड्या! पाहिजे ती मात्र कधीच सापडायची नाही.

एक दिवस शोभावहिनींनी ज्वारी काढायला कोठीत हात घातला, तर हाताला चकत्याच लागल्या. तशाच ओसरीवर आल्या. "अजी, पोळ्यापर्यंत यायची काई व्यवस्था लावा. नाई तं साऱ्या शेतात टांगून देईन. रोही तरी पळतील!"

जंगलाकडून रोही, म्हणजे नीलगायी, पिकात घुसायचे, आणि त्यांना बुजवायला चमकत्या सीड्या टांगायची टूम तेव्हा नुकतीच निघाली होती. वहिनी बोलल्या म्हणजे करणार! भाऊंचा चेहरा उतरला. सीड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

*

पहिली व्यवस्था भाऊंनी स्वतःच लावली, कापसाची. पहिला वेचा, दुसरा वेचा आणि शेवटचा हलका माल म्हणजे फरदड, असे तीन बोरे. सीडी हातात घ्यायची, उजेडात धरायची, अंगठा फिरवायचा आणि बोऱ्यात टाकायची. पिक्चर कोणता, याच्याशी काही संबंध नाही! चकाकी असली तर पहिला वेचा, ओरखडे असले तर फरदड.

वहिनींना एकादशीला देवाचा पिक्चर हवा होता. तो निघाला फरदडीच्या बोऱ्यात, सगळ्यात खाली.

"देवाले फरदडीत टाकलं तुमी?"

भाऊ म्हणाले, "अवो, तूच घासून घासून पाह्यला त्याले. माल उतरला, त्याले मी काय करू!"

त्या दिवशी भाऊंना उपास नसतानाही उपास घडला.

*

मग भाऊंनी नागपूरहून एक मशीन आणलं, वापरून पाहायच्या बोलीवर. ढीगभर सीड्या एकदम पोटात घ्यायचं. नंबर दाबला की आतलं चाक फिरायचं आणि तीच सीडी वर यायची. आम्ही सगळे कान लावून बसलो. आत काय होतंय ते दिसत नव्हतं, पण घरघर मोठी जोरात!

तेवढ्यात शेजारची म्हातारी डबा घेऊन आत आली. म्हणाली, "देवराव, तुही चक्की सुरूच हाये तं माही ज्वारीबी दळून दे ना बाप्पा."

मशीन परत नागपूरला गेलं.

*

आता गजू सरसावला. "भाऊ, सॉफ्टवेअर टाकू. सारे पिक्चर कॉम्प्युटरमधी चढवू, कॉम्प्युटर टीव्हीले जोडू. नाव टाइप केलं का पिक्चर हजर!"

त्याने भाऊंच्या घरी येऊन कॉम्प्युटर मांडला, सोबत आणलेल्या सीडीवरून सॉफ्टवेअर टाकलं. सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्चरचा प्रकार विचारायचं. मास्तर म्हणाले, "सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक असं लिही."

"तसं कोन मागते, मास्तर?" भाऊ म्हणाले. "लिही गजू. जावई बसले असताना पाहाचे. सासू झोपल्यावर पाहाचे. रडाचे."

गजूने लिहिलं. मोठ्या कौतुकाने 'रडाचे' टाइप केलं, तर सगळेच्या सगळे पिक्चर पडद्यावर हजर! गजूला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. मास्तरांनी एकावर बोट ठेवलं.

"भाऊ, हा तर मारामारीचा आहे. यात काऊन रडले तुम्ही?"

भाऊंचे डोळे लगेच भरून आले. "घोडा मेला ना बे त्याच्यात!"

*

पोळ्याच्या आधीचा रविवार. वहिनी त्याच दिवशी निकाल देणार होत्या. त्यांनी दोरीचं बंडलही काढून ठेवलं होतं, सीड्या ओवायला. भर दुपारी आम्ही सगळे टीव्हीसमोर. गजूने कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं, मायलेकाच्या ताटातुटीचा पिक्चर लावला. नावं संपली, माय रेल्वे स्टेशनवर लेकाची वाट पाहत उभी राहिली, आणि लाइन गेली!

लोडशेडिंग. आता संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. वहिनींनी दोरीला हात घातला.

"थांब ना वो," भाऊ काकुळतीला आले. "पुढचं मी सांगतो."

आणि भाऊ सांगायला लागले! मायचा खोकला काढला, लेकाचे डायलॉग म्हटले, गाणीसुद्धा गाऊन दाखवली, बेसूर का होईना. आम्ही घाम पुसायचं विसरलो. शेवटी लेक घरी येतो. माय चुलीपुढून उठत नाही, नुसतं म्हणते, "हात धू, भाकर वाढतो." वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. "बरं झालं माय, भेट झाली!"

तेवढ्यात, दिवस मावळता मावळता, लाइन आली. गजूला आपलं सॉफ्टवेअर दाखवायची घाई. "वहिनी, आता पाहा, थेट शेवटचा सीन काढतो!" आणि काढला. लेक धावत दारात येतो, तर अंगणात तिरडी बांधून तयार.

मास्तरांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पडद्याकडेच बघत होते, तोंड उघडं ठेवून.

"आपल्या इथं दरवेळी याच्या आधीच लाइन जाते बे," ते हळूच म्हणाले. "शेवट मी आजच पाह्यला."

वहिनी ताडकन उठल्या. "बंद करा थे, गजूभाऊ! तुमच्या मशीनीले काई मालूम नाई, यायनं सांगतला थोच खरा शेवट. यायच्या सीड्या राहू द्या घरात. अन् तुमची थे सॉफ्टवेअरची सीडी आना इकडं, शेतात टांगाले!"