बभ्रुवाहनाचे गुडघे

जानेवारीतल्या एका खेळात भागवतांनी मुक्ताय लवकर दिला. बघणाऱ्यांतल्या कुणाला कळलं नाही. शीनण्णांना कळलं.

मुक्ताय म्हणजे नाच संपवणारा ताल. यक्षगान या किनारी कर्नाटकातल्या नृत्यनाट्यात तो भागवतांच्या, म्हणजे मुख्य गायकाच्या, हातात असतो. ते मागे बसून पद गातात, चंडे हा ढोल वाजतो, नट नाचतो. टाळ ठरावीक तऱ्हेनं वाजला की नट थांबतो. बभ्रुवाहन, अर्जुनाचा कोवळा मुलगा, संतापला की गुडघ्यांवर बसतो आणि त्याच गुडघ्यांवर रंगमंचभर गरागरा फिरतो. शीनण्णा, म्हणजे शीनप्प नायरी, एकेचाळीस वर्षं असे फिरत होते. चाळीस गिरक्या. त्या दिवशी सव्विसाव्या गिरकीला टाळ वाजला.

मी तेव्हा चौकीत होते. चौकी म्हणजे खेळामागची रंगायची जागा. शीनण्णा आमचे शेजारी. कन्नड साहित्यात एमए करून मी नोकरीची वाट बघत होते, म्हणून ते मला 'एमे' म्हणायचे. तोंडावरचा रंग न पुसताच त्यांनी विचारलं,

"गणपय्या, माझ्या चौदा गिरक्या कुठं गेल्या?"

भागवत गणपय्य पानाला चुना लावत होते. "गळा बसला रे."

"गळा बसला, आणि त्यानंतर अर्धा तास गात होतास?"

"शीना, तुझा चेहरा बघवेना."

"तू मागं बसतोस. तुला माझा चेहरा कुठनं दिसला?"

"पाठीलाही चेहरा असतो." गणपय्यांनी पान दुमडलं. "अठ्ठावन्न झाली तुला. सोळा वर्षांचं पोर किती दिवस करशील? पुढच्या हंगामात अर्जुन कर. बाप हो. उभ्या उभ्या भागतं."

"म्हणजे कुणीतरी पोरगं रोज माझं डोकं उडवणार!"

"खेळच तसा आहे. मुलगा बापाला मारतो."

"मारेल. पण त्याआधी मला म्हातारा तू ठरवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या दोन पायऱ्या उतरायला त्यांना खांब धरावा लागला. पद्दक्का, त्यांची बायको, विहिरीवरून बघत होत्या.

"भागवतांना काल कळलं," त्या मला म्हणाल्या. "मला सहा वर्षं झाली. यांच्या गुडघ्यांना बांधायच्या गाद्या कोण शिवतं? आधी एक घोंगडीची घडी पुरायची. मग दोन. आता आत पोफळीची विरी, झावळीचं चामड्यासारखं बूड, घालते, तरी रक्त असतं. एमे, तुझी स्कूटर काढ."

चौदाव्या वर्षी हा माणूस मेळ्यात, म्हणजे यक्षगानाच्या मंडळीत, पेट्या वाहायला आला. नाच त्याला कुणी शिकवला नाही. बघून शिकला. सुपारी वाळवायच्या खळ्यावर, दिवसाउजेडी, एकटा. पहिल्यांदा गुडघ्यांवर फिरला तेव्हा सुपाऱ्या सगळ्या खळ्याबाहेर उडाल्या आणि मालकानं त्याला फोकेनं मारलं. हे त्यांनी मला स्कूटरवर मागे बसून सांगितलं. कुंदापूर येईपर्यंत हसत होते. उतरताना हसले नाहीत.

पद्दक्का बसनं येऊन पोचल्या. डॉक्टर वत्सला अडिगांनी एक्स-रेचे फोटो उजेडाला धरले. "उजवा मध्यम झिजलाय. डाव्यातली फट बरीच गेली. हाडांच्या टोकांवरची गादी झिजलीय."

"गादी बायको शिवते."

"ही नाही शिवता येत." त्या हसल्या नाहीत. "चांगल्या गुडघ्यातला रस तार धरतो, भेंडी चिरताना बोटांना लागते तशी. तुमचा नीर डोशाच्या पिठासारखा पातळ झालाय. तसाच एक दाट जेल सुईनं आत सोडता येतो."

"बिजागरीला तेल."

"तेल म्हणू नका. तेल म्हणता आणि मग भांडायला येता. गेलेली गादी यानं परत येत नाही. काहींना पाच-सहा महिने बरं जातं. काहींना काहीच कळत नाही. कित्येक अभ्यासांत तर नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईपेक्षा फारसा फरक दिसलेला नाही. दिसेल त्याला दिसायलाही काही आठवडे लागतात. मांडीचा व्यायाम त्याहून महत्त्वाचा. तो सोडलात तर माझ्याकडे येऊ नका."

"आणि कापून बदलला तर?"

"दुखणं बरंच जाईल. चालाल, जिने चढाल. पण त्यावर गिरक्या घ्यायला मी हो म्हणणार नाही."

"मग तो गुडघा तुमचा झाला. माझा कुठं?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवले. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मे," शीनण्णा म्हणाले. "हंगामाचा शेवटचा खेळ आमच्या गावात, देवळापुढं असतो. त्या दिवशी मी कधी थांबायचं ते मी ठरवणार. दया म्हणून कुणी मुक्ताय द्यायचा नाही. एवढंच हवंय. नंतर गुडघे गेले तर जाऊ देत."

"जाऊ देत म्हणायला तुमचं काय जातं," पद्दक्का म्हणाल्या. "उचलायचं मला."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "अंडं, कोंबडी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं?"

"कोंबडी नाही मिळाली की उठतं."

"नीट सांगा. हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात."

 शीनण्णांचे डोळे चमकले. आमच्याकडे पायाला सुरी बांधून झुंजवायच्या कोंबड्याला माणसापेक्षा जास्त नावं असतात. "तुरा? माझ्या गुडघ्यात? पद्दू, ऐकलंस? आता गणपय्याला म्हणावं, पायाला सुरी बांध आणि ये!"

दोन्ही गुडघ्यांत एकेक सुई. त्यांनी मान फिरवली नाही. पिचकारीतलं औषध काचेसारखं होतं, हळूहळू सरकणारं. ते ओठांत ताल मोजत होते. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "दोन दिवस फार उभं राहायचं नाही. जिने नाहीत. धावायचं नाही. जड उचलायचं नाही."

"नाही, नाही, नाही, नाही," शीनण्णांनी बोटं मोजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या माजघरातून आवाज आला. थड, थड, थड. मी धावत गेले. शीनण्णा चटईवर होते. गुडघ्यांवर. फिरत होते.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं!" मी ओरडले.

"उभा आहे का मी?" त्यांनी फिरता फिरता विचारलं. "नाही. जिना चढलो? नाही. धावलो? उचललं काही? सगळं पाळलंय. औषध कोपऱ्यात बसलं तर काय उपयोग? सगळीकडे पोचायला हवं."

संध्याकाळी डावा गुडघा शहाळ्याएवढा झाला. डॉक्टरांनी त्यातलं पाणी काढलं, तपासलं. पू नव्हता. 

"बावीस वर्षं मी हे काम करते. गुडघ्यांवर नाचू नका, असं कुणाला सांगावं लागेल हे मला सुचलं नाही."

"तुमची चूक नाही, बाई. तुमच्याकडे लोक पायांवर चालणारे येतात."

मग त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गुडघ्यांवर नाचू नका. मी सांगेपर्यंत. खाली सही, शिक्का. शीनण्णांनी तो कागद चौकीतल्या आपल्या आरशाला चिकटवला. पोरं रंग लावता लावता वाचायची आणि हसायची. ते स्वतः सर्वांत आधी हसायचे. पण एप्रिलपर्यंत बभ्रुवाहन दुसऱ्याच मुलानं केला. तो चांगला करत होता. शीनण्णा रोज बाजूला पेटीवर बसून बघायचे. पायाला वाळूची पिशवी बांधलेली. पाय सरळ वर, दहा मोजायचे, खाली. चंडेच्या तालावर.

मार्चअखेर एका सकाळी ते खांब न धरता पायऱ्या उतरले. पद्दक्कांनी दोर सोडला. घागर विहिरीत पडली.

"उजवा," शीनण्णा म्हणाले. "उजवा ऐकायला लागला. डावा अजून गणपय्याच्या बाजूचा आहे."

डावा त्या बाजूचाच राहिला. तिथं औषधानं काही केलं असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नव्हतं. एप्रिलात डॉक्टरांनी दोन्ही गुडघे वाकवून पाहिले. "मेमधल्या नाचाचं मला विचाराल तर मी नाही म्हणेन."

"मग विचारत नाही."

त्या दिवशी त्यांनी आरशावरचा कागद काढला. टाकला नाही. घडी करून खिशात घातला.

शेवटचा खेळ दुपारी चारला सुरू झाला. देवळापुढचं मैदान तापलेलं. चौकीत गणपय्यांनी हळूच विचारलं, "किती?"

"सांगेन."

"शीना, नट मुक्ताय सांगत नाही. भागवत देतो. माझ्या गुरूच्या गुरूपासून असंच चालत आलंय."

"तुझ्या गुरूच्या गुरूला माझा डावा गुडघा नव्हता."

"पडशील."

"पडलो तर पडेन. त्यावरही तू टाळ वाजवायचा नाहीस. मी हात करेपर्यंत गात राहायचं. गाशील का नाही, एवढं बोल."

 गणपय्य टाळाची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

खेळात बापानं, अर्जुनानं, मुलाला ओळखायचं नाकारलं. तू माझा नाहीस, म्हणाला. बभ्रुवाहन थरथरला आणि गुडघ्यांवर बसला. मी पुढच्या रांगेत होते. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. मोजत होते. पाच. आठ. ते फक्त उजव्यावर फिरत होते. डावा मागून ओढला जात होता, जमिनीला टेकून उचलला जात होता. ही गिरकी मी आधी कधी पाहिली नव्हती. ती वाकडी होती. तिला लंगडा जोर होता. बाजूच्या म्हाताऱ्यानं तोंडातलं पान थुंकलं आणि पुढे सरकला.

बाराव्या गिरकीला गणपय्यांचा टाळ वर गेला.

शीनण्णांनी फिरता फिरता धनुष्य उगारलं. भागवतांवर. आमच्या मेळ्यात असं कधी कुणी केलं नव्हतं. चंडेवाल्याचा हात अडखळला.

टाळ हवेत थांबला. मग गणपय्यांनी तो खाली मांडीवर ठेवला आणि तेच पद पुन्हा वरच्या पट्टीत घेतलं. गळा फाटेल इतकं वर.

तेरा. सोळा. अठरा. एकोणीस.

एकोणिसाव्याला शीनण्णा थांबले. स्वतः. तोंड लोकांकडे नव्हतं, भागवतांकडे होतं. श्वास पाठीत दिसत होता. त्यांनी डावा हात वर केला, हळू, आणि खाली आणला. टाळ वाजला.

सव्वीससुद्धा नाहीत. भागवतांनी दिल्या होत्या त्याहून सात कमी. तरी मैदान उभं राहिलं.

हंगाम संपला की घुंगरू उतरवून देवापुढे ठेवतात. चौकीत शीनण्णांचा डावा पाय वाकेना. गणपय्य खाली बसले. "दे पाय. गाठ मी सोडतो."

"हात लावू नकोस." त्यांनी पाय पेटीवर टाकला आणि कमरेतून वाकून स्वतः गाठ सोडायला घेतली. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"पुढच्या हंगामात अर्जुन?" गणपय्यांनी विचारलं.

"करेन."

गणपय्य चकित झाले. मीही.

"करेन म्हटलं ना. पण माझं डोकं कधी उडवायचं, ते मी सांगणार. तोपर्यंत त्या पोराला गिरक्या मारू दे." दुसरी गाठ सुटली. त्यांनी बाजूला पडलेल्या सदऱ्याच्या खिशातून डॉक्टरांचा कागद काढला, घुंगरू त्यात गुंडाळले आणि पुडी मला दिली. "एमे, तू पुढं हो. देवळाच्या पायऱ्या नऊ आहेत. मी येतो चढून."