एक सातबारा, एक नोकरी

१४ नोव्हेंबर २०११. सकाळी ओटीवर सुकट निवडत बसले होते.

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं लिहिते. आमचं गाव पळस्प्याजवळ. शेतांवर भराव टाकून गोडाऊन उभं राहिलं, तेव्हा गावाने कंपनीकडून कबूल करून घेतलं होतं... एका सातबाऱ्यामागे एक नोकरी. माझा नवरा आणि धाकटा दीर बाळाराम यांनी वाटणी घरात केली, कागदावर करायची राहून गेली. सातबारा एकच, म्हणजे नोकरीही एकच. पॅकिंगला बारावी पास हवं होतं. बाळाराम दहावी नापास, मी बारावी. नवऱ्याच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, घरात कमावतं कोणीच नाही. मी नाव दिलं.

त्या सकाळी बाळाराम आला. सुपाला लाथ मारली, माझे केस धरले आणि डोकं दोनदा खांबावर आपटलं.

"वयनी, गेटवर पाय ठेवलास तर दोनी हात मोडून ठेवीन. नोकरी माजी हाय."

नवरा खाटेवरून म्हणाला, सोड ती नोकरी. मी म्हटलं, मग उद्यापासून चूल तुम्ही पेटवा. रक्त पुसलं, पदर घेतला आणि पनवेलची रिक्षा पकडली. नोकरीआधी मेडिकल करायचं होतं.

डॉक्टरने दोन्ही तळहात उघडमीट करून पाहिले आणि 'हात ठीक' असं लिहिलं. मग छातीचा एक्स-रे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. टेक्निशियन म्हणाला, श्वास रोखा. खोटं कशाला सांगू... त्या क्षणी मी मनात बाळारामला पहारीने हाणत होते. तो पडल्यावरसुद्धा.

बाहेर आले तर नवऱ्याचा फोन. "अगं, काय केलंस हे? मेला असता तो."

तशीच हॉस्पिटलात गेले. बाळारामचे दोन्ही हात मनगटाजवळ मोडलेले, तीन दात पडलेले, एक कान अर्धा लोंबत होता. मला अडवायला तो गोडाऊनच्या गेटवर उभा होता म्हणे. त्याच्यासोबत गेलेली माझी जाऊ आणि गेटवरचा वॉचमन, दोघंही हवालदाराला एकच सांगत होते — हिनेच पहारीने मारलं, याच हिरव्या साडीत, सव्वाअकराच्या पुढे.

"एवढं हाणलं, पण बाईला धाप नाय लागली," वॉचमन म्हणाला. "तोंड गच्च मिटलेलं. श्वास घेतच नव्हती."

पोलीस केस झाली असती तर नोकरी गेलीच होती. मी एक्स-रेची वेळ छापलेली पावती पुढे केली. हवालदाराने पनवेलच्या त्या एक्स-रे लॅबमध्ये फोन लावला. त्या वेळी मी तिथेच होते, असं टेक्निशियनने सांगितलं आणि रांगेतल्या बायकांनीही. मग बाळारामच कसाबसा बोलला, "तक्रार नाय. वयनी, तूच कर नोकरी. फक्त परत नको येऊ."

संध्याकाळी भांडी घासताना तळहात चुरचुरले. दोन्हींवर टपोरे फोड, उजवा अंगठा सुजलेला, नखांत गंज. 'हात ठीक' लिहिलेला तो कागद अजून कपाटात आहे. याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि लावायचा प्रयत्नही मी सोडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईने फोड फोडले, हळद भरली, फडकी गुंडाळली. आठला गोडाऊनवर पोहोचले. गेटमधलं रक्त कोणी धुतलं नव्हतं. वॉचमन मला पाहून केबिनच्या भिंतीला चिकटला. डागाला वळसा घालून मी आत गेले आणि मस्टरवर सही केली.