वास दाढेचा होता

“तू मागे बस. तुमच्या तोंडाला मासळीचा वास येतो.”

बाईंनी पदर नाकाला लावला. मी दुसरीत होते, पाढा म्हणत होते. वर्ग हसला. ‘तुझ्या’ नाही, ‘तुमच्या’ म्हणाल्या बाई. म्हणजे माझ्या आईच्या, आजीच्या, आमच्या अख्ख्या दिवाळे कोळीवाड्याच्या. मी दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

आई बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. त्या संध्याकाळी मी मासळीचं ताट दूर सारलं. आई म्हणाली, “मावरा इकूनच तुला शालेत घातली. मंग मावरा नको कशाला?”

मी सांगितलं, बाईंना वास येतो. दुसऱ्या दिवसापासून आई मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडेना. टोपली घेऊन अलीकडच्या कोपऱ्यावरच थांबायची, तिथूनच हात हलवायची.

मी नुसता डाळभात खाऊ लागले. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासायचे. वास जाईना. दाढ तर आधीपासूनच ठणकत होती. बाईंना सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, “दुधाची आहे, पडेल.”

एका सकाळी गाल टम्म सुजला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं. आत बघणाऱ्या त्या पहिल्याच. “ही कायमची दाढ. सहाव्या वर्षीच येते. पार किडलीय, खाली पू झालाय. वास त्याचा.”

दाढ काढावी लागली. ती पुन्हा येणार नव्हती. आई पायरीवर बसून रडली. “मावऱ्याचा नवता गो,” एवढंच म्हणत राहिली. ते रडणं आठवलं की आजही मला जेवण जात नाही.

शाळेत गेले ते थेट पहिल्या बाकावर बसले. बाई म्हणाल्या, “मागे.”

“बाई, वास दाढेचा होता. मासळीचा नाही.” मी आ करून खड्डा दाखवला. त्यांनी बघितलं नाही. मी उठलेही नाही.

आई मात्र फाटकाशी पुन्हा कधीच आली नाही.

आज मी स्वतः प्राथमिक शाळेत बाई आहे. परवा स्टाफरूममध्ये एक मॅडम तळोज्याच्या कामगाराच्या पोरीबद्दल म्हणाल्या, “तोंडाला वास येतो. ह्या लोकांचं खाणंच तसलं. मागे बसवलंय तिला.”

माझी जीभ आपोआप त्या रिकाम्या जागेवर गेली. मी उठले, त्यांच्या वर्गात गेले, पोरीला हाताला धरून पुढे आणलं. तिला म्हटलं, आ कर. खालची दाढ काळी पडली होती. मॅडम दारात, नाकाला रुमाल.

“रुमाल काढा, मॅडम. इथे या, आत बघा. ही पोर आता मागे जाणार नाही.”